तोंडाला पाणी सुटते तेव्हा : इव्हान पावलॉव्ह यांचे आयुष्य

पावलॉव्ह हे नाव घेतले की बहुतेकांना घंटा, कुत्रा आणि लाळ एवढेच आठवते. मानसशास्त्राच्या पुस्तकात हा प्रयोग दोन-तीन परिच्छेदांत उरकलेला असतो आणि परीक्षेला हमखास विचारला जातो. पण पावलॉव्ह मानसशास्त्रज्ञ नव्हते. ते शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते, वैद्यकीय पदवीधर होते आणि हाताला विलक्षण सफाई असलेले शल्यविशारद होते. १९०४ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी. घंटा तर त्यांच्या प्रयोगशाळेत क्वचितच वाजली. तिथे मुख्यतः टिकटिक करणारा मेट्रोनोम, बझर, दिवे यांचा वापर होत असे.

घास तोंडात गेल्यापासून पुढे काय काय घडते, हे माणसाला नीट समजले त्यात पावलॉव्ह यांचा वाटा फार मोठा आहे. पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रांग कोणत्याही सरकारी रुग्णालयात सर्वांत लांब असते. त्या रांगेतल्या अनेकांच्या दुखण्याचा धागा तोंडापर्यंत जातो. म्हणून आज त्यांच्या आयुष्याविषयी.

पाद्रीबुवांचा मुलगा

इव्हान पेत्रोविच पावलॉव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी रशियातल्या रियाझान या गावी झाला. वडील प्योत्र चर्चमध्ये धर्मोपदेशक होते, आईचे माहेरही धर्मोपदेशकाचेच. घरात मुले बरीच, त्यांत इव्हान थोरला. त्याची अनेक भावंडे लहानपणीच दगावली. घरची परिस्थिती ओढाताणीची होती. वडिलांना बागकामाची आवड, ती मुलानेही उचलली आणि शेवटपर्यंत जपली.

सात-आठ वर्षांचा असताना इव्हान उंचावरून दगडी फरशीवर पडला. दुखापत मोठी होती. बरे व्हायला फार काळ लागला आणि शाळेत नाव घातले गेले ते थेट अकराव्या वर्षी. मधल्या काळात जवळच्या मठाच्या महंतांनी, म्हणजे त्याच्या धर्मपित्याने, त्याला सांभाळले, वाचायला लावले. पुढे रीतीप्रमाणे तो धार्मिक शिक्षण देणाऱ्या सेमिनरीत गेला. तो वडिलांप्रमाणेच धर्मोपदेशक होणार, हे जणू ठरलेलेच होते.

पण तो काळ रशियात नव्या विचारांचा होता. १८६३ साली इव्हान सेचेनॉव्ह या शास्त्रज्ञाने मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर एक पुस्तक लिहिले होते. माणसाचे मन आणि शरीर यांचा अभ्यास प्रयोगाने करता येतो, हा त्यातला विचार. तो तरुण पावलॉव्ह यांच्या मनात घर करून बसला. १८७० मध्ये त्यांनी सेमिनरी अर्धवट सोडली आणि सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठ गाठले. तिथे इल्या त्सिऑन यांच्यासारखा शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक भेटला. त्सिऑन शस्त्रक्रियेत इतके निष्णात होते की विद्यार्थी पाहतच राहत. पावलॉव्ह मूळचे डावखुरे, पण लवकरच दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने काम करू लागले. स्वादुपिंडाच्या मज्जातंतूंवर विद्यार्थिदशेत केलेल्या कामाला सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८७९ मध्ये पदवी मिळवली.

हाती पैसा नव्हता. १८८१ मध्ये सेराफिमा या शिक्षिका होऊ पाहणाऱ्या तरुणीशी लग्न झाले. सुरुवातीची वर्षे इतक्या ओढगस्तीत गेली की काही काळ नवरा-बायकोला वेगवेगळे राहावे लागले. पहिला मुलगा लहानपणीच गेला. एकदा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून, व्याख्यानाचे मानधन म्हणून त्यांच्या हाती पैसे ठेवले, तर पावलॉव्ह यांनी त्यातून प्रयोगासाठी कुत्रे आणले, असे सांगतात. पैशाच्या व्यवहारातले त्यांचे दुर्लक्ष आणि प्रयोगातली काटेकोर शिस्त या दोन्ही गोष्टी आयुष्यभर टिकल्या. १८८४ ते १८८६ ही दोन वर्षे त्यांनी जर्मनीत काढली, ब्रेस्लाऊला हायडेनहाइन आणि लाइपझिगला कार्ल लुडविग या दिग्गजांच्या हाताखाली. १८९० मध्ये ते लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापक झाले. १८९१ पासून सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेतला शरीरक्रिया विभाग त्यांनी उभारला आणि पुढची पंचेचाळीस वर्षे चालवला.

जिवंत, खाता-पिता प्राणी

त्या काळी पचनाचा अभ्यास कसा होई? प्राण्याला भूल देऊन किंवा बांधून घालून पोट उघडायचे, एखादा मज्जातंतू डिवचायचा आणि काय होते ते पाहायचे. तासाभरात प्राणी मरून जाई. घाबरलेल्या, वेदनेत असलेल्या, अर्धमेल्या प्राण्याचे पचन ते काय दिसणार? तुम्हा-आम्हालाही दुखत असले, धास्ती वाटत असली की भूक मरते आणि तोंड कोरडे पडते.

पावलॉव्ह यांनी वेगळी वाट धरली. पूर्ण निर्जंतुक वातावरणात, माणसाच्या शस्त्रक्रियेइतकी काळजी घेऊन कुत्र्यावर शस्त्रक्रिया करायची. हवे तिथे शरीरातून बाहेर येणारा एक छोटा मार्ग ठेवायचा. जखम भरू द्यायची, कुत्रा हिंडू-फिरू लागला, शेपटी हलवू लागला, आवडीने खाऊ लागला की मग प्रयोगाला सुरुवात. असे कुत्रे त्यांच्याकडे अनेक वर्षे जगत. त्यांना नावे असत. १८९४ मध्ये ज्याच्या जठराचा एक लहानसा कप्पा मज्जातंतू शाबूत ठेवून वेगळा काढण्यात यश आले, त्या प्रसिद्ध कुत्र्याचे नाव द्रुझोक, म्हणजे छोटा दोस्त. त्या यशाआधी मात्र कित्येक कुत्रे या शस्त्रक्रियेत मेले, आणि द्रुझोकचीही प्रकृती पुढे ढासळली. आजच्या नियमांनुसार यांतल्या बऱ्याच प्रयोगांना परवानगी मिळणार नाही. आपल्या ज्ञानाची ही किंमत मुक्या जनावरांनी मोजली, हे विसरून चालणार नाही.

पावलॉव्ह स्वतः ते विसरले नाहीत. प्राण्याकडे पाहत राहण्याची त्यांना सवयच होती. स्वादुपिंडाचा रस बाहेर काढण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत तो तीव्र रस पोटावर ओघळून कुत्र्यांची कातडी सोलवटत असे. एका कुत्र्याने भिंतीचा गिलावा खरवडून काढला आणि त्या ढिगाऱ्यावर तो पडून राहू लागला. कोरड्या गिलाव्यात रस शोषला जाई, कातडी बचावे. हे लक्षात येताच बाकीच्या कुत्र्यांनाही रस शोषून घेणारे अंथरूण मिळाले.

खोटे जेवण आणि खरा रस

१८८९ मध्ये एकातेरिना शुमोवा-सिमानोव्हस्काया या सहकारी डॉक्टरबरोबर पावलॉव्ह यांनी जो प्रयोग केला, तो वैद्यकाच्या इतिहासात खोट्या जेवणाचा प्रयोग म्हणून ओळखला जातो. कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशी कापून तिचे तोंड बाहेर काढले. जठराला एक नळी बसवली. आता कुत्रा मांस खाई, चव घेई, गिळे, पण गिळलेला तुकडा मानेतल्या छिद्रातून पुन्हा थाळीत पडे. पोटात कणही पोहोचत नसे. तरीही सुमारे पाच मिनिटांत जठरातल्या नळीतून स्वच्छ, आम्ल असा जठररस वाहू लागे आणि खाणे चालू असेपर्यंत वाहत राही.

अन्न पोटात गेलेच नाही, मग जठराला कळले कसे? मेंदूतून जठराकडे येणारा व्हेगस हा मज्जातंतू कापला की हा रस बंद होई. म्हणजे निरोप तोंडाकडून मेंदूला आणि मेंदूकडून व्हेगसमार्फत जठराला जात होता. स्वयंपाकघरात पाहुणे येणार असल्याची वर्दी आधी पोहोचावी आणि चुलीवर आधण चढावे, तसा हा प्रकार.

याची उलट बाजूही त्यांनी तपासली. कुत्र्याचे लक्ष नसताना त्याला कळू न देता अन्न नळीतून थेट जठरात सरकवले, तर ते बराच वेळ तसेच पडून राही. तेवढेच मांस जठरात टाकून सोबत खोटे जेवण दिले, तर कितीतरी जास्त मांस पचे. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तोंडात खडे टाकले, आंबट किंवा कडू द्रव टाकला, तर लाळ सुटते, पण जठररस सुटत नाही. नुसती तोंडाची हालचाल पुरेशी नाही, खाण्याची इच्छा आणि चव हवी. भूक ही जठररसाला जागवणारी पहिली आणि सर्वांत जोरकस गोष्ट आहे, हा पावलॉव्ह यांचा निष्कर्ष होता.

१८९७ मध्ये ही सारी निरीक्षणे त्यांच्या व्याख्यानांच्या पुस्तकात आली. त्यात डॉक्टरांसाठीही सल्ला होता. पचन बिघडलेल्या माणसाला नियमित वेळी, आवडीचे, लक्ष देऊन खाता येईल असे जेवण द्यावे. भूक वाढवणारी कडू औषधे पोटात जाऊन काम करत नाहीत, जिभेवरच्या चवीतून करतात, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे आजारातून उठणारा माणूस तोंडाला चव नाही म्हणतो आणि घरातले त्याला लिंबाचे लोणचे, आल्याचा तुकडा देतात. यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे. तोंडाला चव आली की माणूस बरा होऊ लागला, हे आजीला ठाऊक होते. पावलॉव्ह यांनी त्याचा मार्ग दाखवून दिला.

गालावरचे छिद्र

जठरानंतर पाळी आली लाळेची. १८९५ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत लाळग्रंथीच्या नळीचे तोंड गालाच्या आतून काढून बाहेरच्या बाजूला बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया केली गेली. जखम भरल्यावर लाळ गालावरून थेंबाथेंबाने खाली लावलेल्या नळीत पडे आणि थेंब मोजता येत.

लाळ म्हणजे तोंड ओले ठेवणारे पाणी, अशी तोवर अनेकांची समजूत. प्रयोगांतून दिसले ते वेगळेच. ओल्या मांसाला लाळ कमी सुटे, तेच मांस वाळवून भुकटी करून दिले की भरपूर. साधे पाणी दिले तर जवळजवळ सुटतच नसे. आम्ल दिले तर पातळ लाळेचा लोटच येई, ते सौम्य करून टाकण्यासाठी. तोंडात वाळू गेली तर ती धुऊन काढायला पातळ लाळ भरपूर येई, पण गुळगुळीत खडे टाकले तर फारशी येत नसे, कारण खडे कुत्रा सहज थुंकून टाकतो. खाण्याच्या पदार्थाला चिकट, बुळबुळीत लाळ येई, घास घशाखाली सरकावा म्हणून. तोंड जणू प्रत्येक पदार्थाची परीक्षा करून त्याला साजेशी लाळ पाठवत होते.

इथे एक गंमत सांगायला हवी. कुत्र्याच्या लाळेत पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर जवळजवळ नसतेच. कुत्रा घास फारसा चावतही नाही, फाडतो आणि गिळतो. त्याची लाळ मुख्यतः वंगणाचे आणि धुण्याचे काम करते. माणसाची लाळ त्याहून एक पाऊल पुढे आहे. ती खरोखर पचन सुरू करते. १८३१ मध्येच लॉइक्स या जर्मन शास्त्रज्ञाने मानवी लाळेने स्टार्चची साखर होते हे दाखवले होते. घरी करून पाहा. भाकरीचा किंवा पोळीचा कोरडा तुकडा तोंडात घेऊन मिनिटभर सावकाश चावत राहा. हळूहळू गोडसर चव येऊ लागेल. ती साखर भाकरीत नव्हती, तुमच्या लाळेने तयार केली.

आपल्या तोंडात रोज साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते. कानाखालच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या अशा तीन मोठ्या ग्रंथिजोड्या आणि शेकडो बारीक ग्रंथी ती बनवतात. तिच्यात ९९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. उरलेल्या अंशात अमायलेज, घास बांधणारे म्युसिन, आम्लता कमी करून दात वाचवणारे बायकार्बोनेट, जंतूंना आवर घालणारी लायसोझाइमसारखी द्रव्ये असतात. घास तोंडात थोडाच वेळ असतो, त्यामुळे तिथे स्टार्चचा लहानसा भागच पचतो. पण चावलेल्या घासाच्या आत मिसळलेली लाळ जठरात गेल्यावरही काम करत राहते. घासाच्या गाभ्यापर्यंत आम्ल पोहोचेपर्यंत हे चालते. घास नीट चावून लाळ आतपर्यंत मिसळली असेल, तर हा वेळ कारणी लागतो. न चावता गिळलेल्या घासाच्या आत लाळ शिरतच नाही.

अन्न दिसण्याआधीच लाळ

लाळेचे थेंब मोजताना एक अडचण वारंवार येई. अन्न तोंडात पडण्याआधीच लाळ सुटे. आधी थाळी दिसली की, मग थाळी आणणारा माणूस दिसला की, पुढे त्याच्या पावलांचा आवाज आला की. दुसऱ्या एखाद्याने हा प्रयोगातला अडथळा समजून बाजूला सारला असता. पावलॉव्ह यांनी त्यालाच प्रयोगाचा विषय केले. यातून अभिसंधित प्रतिक्षिप्त क्रियेची कल्पना आली. मुळात अन्नाशी संबंध नसलेली एखादी खूण अन्नाबरोबर पुन्हा पुन्हा आली की शरीर त्या खुणेलाही अन्नाइतकाच प्रतिसाद देऊ लागते. १९०३ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यांनी हा विषय मांडला आणि पुढची तीस-बत्तीस वर्षे त्यालाच वाहून घेतले. मराठीत चिंच किंवा कैरी हा शब्द नुसता कानावर आला तरी तोंडाला पाणी सुटते, ते याच कारणाने. ज्याने आयुष्यात कैरी चाखली नाही, त्याला तो शब्द ऐकून काहीच होणार नाही.

दरम्यान त्यांच्या एका ठाम मताला धक्काही बसला. पचनाचे सगळे निरोप मज्जातंतूंतूनच जातात, असे ते मानत. १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवले की लहान आतड्यातून रक्तात मिसळणारे सिक्रेटिन हे द्रव्य मज्जातंतू कापलेल्या स्थितीतही स्वादुपिंडाला रस सोडायला लावते. हार्मोनची कल्पना इथूनच पुढे आली. पावलॉव्ह यांनी तो प्रयोग आपल्याकडे करून पाहायला सांगितला, स्वतः उभे राहून पाहिला, काही न बोलता आपल्या खोलीत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन लंडनकरांचे बरोबर आहे हे मान्य केले, अशी हकीकत त्यांच्या शिष्यांनी नोंदवली आहे. आज आपण जाणतो की दोन्ही खरे आहे. पहिली वर्दी तोंडाकडून मज्जातंतूंमार्फत जाते, पुढचे काम हार्मोनही सांभाळतात.

१९०४ चे नोबेल त्यांना मिळाले, तेव्हा तो मान मिळवणारे ते पहिले रशियन होते. त्याच्या कितीतरी आधी, १८९३ मध्ये, खुद्द आल्फ्रेड नोबेल यांनी त्यांच्या संस्थेला देणगी दिली होती, हा योगायोगच.

भुकेची वर्षे

१९१७ च्या क्रांतीनंतर पावलॉव्ह यांच्या हातून नोबेलचा पैसा गेला. यादवी युद्धाच्या काळात पेत्रोग्राडमध्ये अन्नधान्य, सरपण, दिवाबत्ती सगळ्याचीच टंचाई झाली. भुकेचा आणि पचनाचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या प्रयोगशाळेतले कुत्रे उपासमारीने मेले. सत्तरीचे पावलॉव्ह संस्थेच्या आवारात भाजीपाला पिकवू लागले. त्याच वर्षांत त्यांचा एक तरुण मुलगाही गेला.

१९२० मध्ये त्यांनी देश सोडण्याची परवानगी मागितली. असा शास्त्रज्ञ बाहेर गेला तर जगात शोभा होईल, हे सरकारला कळत होते. जानेवारी १९२१ मध्ये लेनिन यांच्या सहीने खास आदेश निघाला. पावलॉव्ह यांना संशोधनाच्या सर्व सोयी आणि वाढीव शिधा द्यावा, असा. सहकाऱ्यांना मिळत नसेल तर एकट्याने वाढीव शिधा घ्यायला पावलॉव्ह तयार नव्हते. पुढे सरकारने त्यांच्यासाठी कोल्तुशी येथे विज्ञानाचे गावच वसवले. तरीही ते सरकारच्या दडपशाहीवर उघड बोलत राहिले. अटकसत्राविरुद्ध त्यांनी सर्वोच्च नेत्यांना पत्रे लिहिली. त्या काळात असे लिहून घरी सुखरूप राहणारी माणसे फार थोडी होती.

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापूर आला. कुत्र्यांच्या खुराड्यांत पाणी शिरले. सहकाऱ्यांनी कुत्र्यांना कसेबसे वाचवले. पण त्यांतल्या काहींच्या महिनोन्‌महिने पक्क्या झालेल्या प्रतिक्षिप्त क्रिया त्या भीतीने पुसल्या गेल्या. भयाचा मज्जासंस्थेवर किती खोल परिणाम होतो, हे पावलॉव्ह यांना त्या वेळी दिसले. वयाच्या सत्त्याहत्तरीच्या पुढेमागे पित्ताशयातल्या खड्यांसाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. बरे झाल्यावर त्यांनी स्वतःच्या लक्षणांवरही निबंध लिहिला.

१९३५ मध्ये संस्थेच्या बागेत त्यांच्या इच्छेने कुत्र्याचा पुतळा उभारला गेला. त्याच वर्षी लेनिनग्राडला जगभरचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जमले आणि त्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय ८६ होते.

आपल्या ताटापर्यंत

पावलॉव्ह यांच्याच वर्षी, १८४९ मध्ये, अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचा एक व्यापारी जन्मला होता. तो डॉक्टर नव्हता. घास पूर्ण पातळ होऊन आपोआप गिळला जाईपर्यंत चावा, एवढेच तो सांगे आणि त्याने अमेरिका व युरोपात वेड लावले. आपल्याकडचा बत्तीस वेळा चावण्याचा नियमही याच जातीचा. आकडा मोजत बसण्याची गरज नाही. मऊ भाताला आणि ज्वारीच्या भाकरीला सारखेच चावणे लागत नाही. घास तोंडात ओला, मऊ आणि एकजीव झाला की गिळावा. पावलॉव्ह यांच्या प्रयोगांतून कळते ते हे की मोजणीपेक्षा लक्ष महत्त्वाचे. डोळे मोबाइलवर आणि हात ताटात असला, तर चव मेंदूपर्यंत पुरती पोहोचत नाही. घाईने जेवणाऱ्यांत वजन वाढण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे, कारण पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचायला वेळ लागतो.

माझ्यासमोर येणाऱ्या रुग्णांत काही गोष्टी वारंवार दिसतात. गॅस होतो, अन्न पचत नाही म्हणून येणाऱ्या आजोबांचे अर्धे दात पडलेले असतात आणि कवळी डब्यात असते, कारण ती टोचते. त्यांना पोटाच्या गोळ्यांपेक्षा दंतवैद्याची गरज अधिक असते. तोंड कोरडे पडते म्हणणाऱ्या आजींच्या औषधांच्या पिशवीत लाळ कमी करणारी एक-दोन औषधे सापडतात. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीवरील ताबा सुधारण्याच्या काही गोळ्या यात येतात. मधुमेह आटोक्यात नसला तरी तोंड सुकते. डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांच्या लाळग्रंथी तर कायमच्या सुकू शकतात. कोरडे तोंड म्हणजे गिळायला त्रास, किडके दात, तोंडात बुरशी आणि हळूहळू कमी होणारा आहार. गोळ्या मनाने बंद करू नयेत, पण कोरडेपणा डॉक्टरांना जरूर सांगावा. बदल करता येतो.

सर्वांत वाईट वाटते ते गुटखा खाणाऱ्या तरुणांना पाहून. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी विशी-पंचविशीतली मुले तोंड उघडत नाही म्हणून येतात. सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठ, पांढुरके होते, तिखटाचा कण लागला तरी आग होते, दोन बोटेही तोंडात जात नाहीत. पचनाचे पहिले दारच बंद झाल्यावर पुढचे सगळे बिघडते आणि कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच.

पावलॉव्ह यांनी दाखवलेली वाट वॉर्डात आजही वापरात आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा जठरव्रणासाठी व्हेगस मज्जातंतू कापण्याच्या शस्त्रक्रिया होत. त्यांचा आधार तेच खोट्या जेवणाचे प्रयोग. आता त्या जागी गोळ्या आल्या. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी लवकर हलू लागावीत म्हणून काही रुग्णालयांत च्युइंगगम चघळायला देतात. तेही एक प्रकारचे खोटे जेवणच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नळीतून दूध देताना त्याच्या तोंडात चोखायला काही दिले, तर ते तोंडाने दूध पिण्याकडे लवकर वळते. नाकातून नळी घातलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनीही हे ध्यानात ठेवावे. तोंडाने काही जात नसले तरी तोंड रोज स्वच्छ आणि ओले ठेवायचे असते. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा जिभेवर एखादी ओळखीची चव द्यायची.

पोट बिघडले की आपण पोटावर हात ठेवतो. त्याआधी आरशात एकदा तोंड उघडून पाहावे. दात जागेवर आहेत का, जीभ ओली आहे का, हिरड्या धड आहेत का, तोंड पूर्ण उघडते का. यांतले काही बिघडले असेल तर उपचाराची सुरुवात तिथून करावी.